कॉलेज टीममध्ये दहा पोरं सारख्याच ताकदीची असतील तर रोटेशन कसं लावायचं?

सिमेंटकोर्ट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाबद्दल विचारतोय. यादी १२ जणांची आहे आणि त्यातले दहा असे, की कुणालाही उतरवलं तरी टीम उघडी पडत नाही. पण तीस पॉइंट मारून मॅच काढून देणारा असा एकही नाही. सुरुवातीचे पाच जण ३३-३४ मिनिटं खेळतात. चौथ्या क्वार्टरला त्यांचे पाय जड होतात, शॉट पुढच्या रिमला लागायला लागतात, माणूस मागे सुटतो. म्हणून राखीव लवकर टाकले, तर दुसऱ्या क्वार्टरला आघाडी जाते आणि समोरच्यांनी प्रेस लावली (कोर्टभर अंगावर येऊन दाबायला लागले) की आणखीच वाट लागते.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आहे. नियम फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे), १० मिनिटांचे चार क्वार्टर, आणि काही दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन मॅच. माझे प्रश्न:

१) नेमके किती जण फिरवायचे?
२) पाचच्या पाच एकदम बदलायचे की एक-दोन करत?
३) फाऊल झालेल्याला किती वेळ बसवायचं?
४) अकरावा आणि बारावा, यांचं काय करायचं?

"पोरं बघून ठरवा" हे उत्तर नको. कागदावर मांडता येईल असं काहीतरी सांगा.

---

टेबलशेजारी

आधी हिशेब. ४० मिनिटं गुणिले पाच जण, म्हणजे २०० मिनिटं. यात वाढ होत नाही. दहा जणांना समान वाटली तर प्रत्येकी २०, म्हणजे तुमचा सगळ्यात भरवशाचा गार्ड अर्धी मॅच बाकावर. ते नको. माझी वाटणी अशी: तिघांना २८, दोघांना २४, तिघांना १६, एकाला १२ आणि एकाला ८. बेरीज करून बघा, २०० भरते.

आता हे घड्याळावर बसवू. समजा जर्सी ४ ते १३ आहेत. ४ आणि ५ गार्ड (बॉल आणणारे), ६ विंग (कडेचा), ७ फॉरवर्ड आणि ८ सेंटर (रिंगखालचे मोठे). राखीवांत ९ बॉल आणू शकणारा गार्ड, १० विंग, ११ आणि १३ उंच पोरं, १२ बचावाचा गार्ड. वेळ घड्याळात उरलेली समजा.

पहिला क्वार्टर
१०:०० – ४, ५, ६, ७, ८
६:०० – ५ च्या जागी १२, ८ च्या जागी ११
४:०० – ६ च्या जागी १०
२:०० – ४ च्या जागी ९, १२ च्या जागी ५, ७ च्या जागी ८

दुसरा क्वार्टर
१०:०० – तेच पाच (५, ८, ९, १०, ११)
८:०० – ८ च्या जागी ७, ११ च्या जागी १३
६:०० – ५ च्या जागी ४, १० च्या जागी ६
४:०० – ९ च्या जागी ५, ७ च्या जागी ८
२:०० – १३ च्या जागी ७, म्हणजे हाफटाइमला सुरुवातीचे पाच कोर्टवर

अर्ध्या मॅचमध्ये ४, ५ आणि ७ यांची १४-१४ मिनिटं होतात, ६ आणि ८ ची १२-१२, ९, १०, ११ ची ८-८, १३ ची ६ आणि १२ ची ४. दुसऱ्या हाफला तोच तक्ता, फक्त चौथ्या क्वार्टरला ४:०० च्या पुढे तक्ता खिशात. तिथून पुढे जो त्या दिवशी चाललाय तो खेळेल.

या तक्त्यात दोन गोष्टी मुद्दाम साधल्या आहेत. एक, ४ आणि ५ एकाच वेळी कधीच बाहेर नाहीत, तसंच ७ आणि ८ पण. प्रेस आली तर बॉल आणणारा आहे आणि रिंगखाली एक जाणता मोठा आहे. दोन, ४ ची विश्रांती क्वार्टरच्या दोन्ही बाजूंना पसरली आहे. खेळाची सहाच मिनिटं गेली, पण मधला दोन मिनिटांचा ब्रेक, फाऊल, साइड बॉल (बाजूच्या रेषेवरून बॉल आत टाकणं) धरून त्याला प्रत्यक्षात दहाच्या आसपास मिनिटं बसायला मिळतात. तीच सहा मिनिटं क्वार्टरच्या मधोमध दिली असती तर ब्रेकची दोन मिनिटं वाया गेली असती.

आता जिथे सगळ्यांची गाडी अडते ते. फिबात बास्केट झाल्यावर घड्याळ थांबत नाही (चौथ्या क्वार्टरची आणि ओव्हरटाइमची शेवटची दोन मिनिटं सोडून). त्यामुळे ६:०० ला बदल हवा असेल आणि राखीवाला ६:०० लाच उठवलं, तर तो टेबलजवळच्या खुर्चीवर दीड मिनिट बसून राहू शकतो, कारण बॉल डेडच होत नाही, म्हणजे खेळ थांबतच नाही. ६:४५ ला पाठवा. ६:३५ ला शिट्टी वाजली तर तेव्हाच घ्या. तक्त्यातली वेळ पाऊण मिनिट इकडेतिकडे झाली तरी चालते.

बदली मागायची ती खेळाडूने स्वतः, टेबलकडे जाऊन. कोचने बाकावरून ओरडून चालत नाही. ट्रॅकसूट काढलेला, लेस बांधलेली, लगेच खेळायला तयार हवा. आणि फ्री थ्रोचं लक्षात ठेवा: बदल पहिल्या थ्रोसाठी बॉल हातात देण्याआधी मिळतो, किंवा शेवटचा थ्रो पडला तर. शेवटचा हुकला तर खेळ चालूच, तुमचा माणूस खुर्चीवरच. म्हणून समोरच्यांचे दोन थ्रो असतील तर पहिल्याच्या आधी बदलून घ्या, नशिबावर सोडू नका.

---

पोस्टअप

वरचा तक्ता मस्त आहे. मी प्रश्न २ वर लिहितो, कारण दुसऱ्या क्वार्टरला आघाडी जाण्याचं मूळ तिथेच आहे.

राखीव कच्चे असतात म्हणून आघाडी जाते, असं दर वेळी नसतं. सरावात सुरुवातीचे पाच एका बाजूला आणि राखीव पाच समोर असं वर्षभर चालतं. मग मॅचमध्ये ५, ८, ९, १०, ११ ही जोडणी पहिल्यांदाच एकत्र येते. ९ ला माहीत नाही की ८ स्क्रीन लावून (बचावपटूची वाट अडवून) आत वळतो की बाहेर थांबतो. १० कोपऱ्यात थांबायच्या ऐवजी बॉलकडे धावतो, त्याच्या मागे त्याचा बचावपटू येतो, गर्दी होते आणि बॉल जातो. समोरचा कोच तुमचा दुसरा गार्ड आत आलेला बघतो आणि त्याच क्षणी १-२-१-१ प्रेस लावतो.

उपाय सरावातच आहे. तक्त्यातल्या ज्या जोडण्या मॅचमध्ये दिसणार, त्यांना रोज ८-१० मिनिटं एकत्र खेळवा. त्यातही २:०० नंतरची जोडणी सगळ्यात महत्त्वाची, कारण ती क्वार्टर ओलांडून चार मिनिटं राहते. या जोडणीला पूर्ण प्लेबुक देऊ नका. तीन सेट (ठरलेल्या चाली), साइडवरून बॉल आत टाकायची एक चाल (इनबाउंड), एक बेसलाइनचा इनबाउंड आणि प्रेस तोडायची एकच पद्धत. एवढंच, पण झोपेत करता येईल इतकं.

बारा जण असतील तर ४-४-४ खेळवा: चौघांच्या तीन टीम, हाफ कोर्ट, बास्केट खाल्ली की ती टीम बाहेर, बाहेरची टीम लगेच बचावाला. चौघे दर वेळी वेगळे करा. दहा मिनिटांत सगळ्यांनी सगळ्यांबरोबर खेळून होतं आणि कोण कोणाबरोबर जमतो हेही दिसतं.

तिघे एकदम आत जातात तेव्हा (पहिला क्वार्टर, २:००) बचावात हमखास घोळ होतो. बाहेर येणाऱ्याने आत जाणाऱ्याला हात देताना आपण ज्याला मार्क करत होतो त्याचा जर्सी नंबर मोठ्याने सांगायचा: "सात तुझा, डावखुरा." ही सवय लागली नाही तर पहिल्याच पझेशनला दोघे एकावर आणि एक मोकळा.

पाचच्या पाच बदलायचं म्हणाल, तर त्याचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचा २०१४-१५ चा संघ. कोच जॉन कॅलिपारी यांनी सीझनच्या सुरुवातीला पाच-पाचचे दोन गट लावले होते. डिसेंबरमध्ये ॲलेक्स पॉयथ्रेसच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला आणि गटांचं ते गणित मोडलं. पुढे मिश्र रोटेशनच चाललं. तरी ३८ मॅच सलग जिंकले, हरले ते थेट फायनल फोरमध्ये (उपांत्य फेरीत) विस्कॉन्सिनशी, ७१-६४. घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: त्या संघात कुणाचीही सरासरी २६ मिनिटांच्या वर नव्हती. कार्ल-अँथनी टाउन्स साधारण २१ मिनिटं खेळायचा आणि त्याच वर्षी एनबीए ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने गेला. "सर, मला मिनिटं कमी मिळतात" म्हणणाऱ्या पोराला हे जरूर सांगा.

आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचा प्रकारही लोक सांगतात, मिनिटभरसुद्धा न थांबता पाचच्या पाच बदलायचे. ते फक्त त्यांच्या खेळाला बसतं: सतत फुल कोर्ट प्रेस, पहिल्या काही सेकंदांत शॉट, थ्री वर थ्री (तीन पॉइंटचे शॉट). तुम्ही हाफ कोर्ट मॅन टू मॅन (प्रत्येकाने आपला माणूस धरणं) खेळून तसं बदलत बसलात तर फक्त लय तुटेल.

---

जुनी_प्रेस

वाचायला छान आहे, पण मला दहा जण पटत नाहीत. बाद फेरी आहे, एक मॅच गेली की सामान बांधायचं. अशा स्पर्धेत आठ जण फिरवा आणि नववा-दहावा प्रसंगाप्रमाणे. १३ नंबरला दर हाफला सहा मिनिटं म्हणजे समोरच्या कोचला दर हाफला सहा मिनिटं कुठे हल्ला करायचा ते सांगितल्यासारखंच. उंच पोरगा पाय हलवत नसेल तर समोरचा कोच प्रत्येक वेळी त्यालाच पिक अँड रोलमध्ये (स्क्रीन लावून रिंगकडे वळायची चाल) ओढणार.

अमेरिकेची उदाहरणं देताना हेही बघा, की तिथला दहावा खेळाडू स्कॉलरशिप देऊन देशभरातून निवडून आणलेला असतो. आपला दहावा कधीकधी पाच महिन्यांपूर्वी हँडबॉल खेळत असतो.

आता फाऊलचं. पाच झाले की बाहेर, हा नियम. पण दोन फाऊलवर पूर्ण हाफ बसवणं हा नियम नाही, ती कोचची भीती. ज्या खेळाडूला पाचवा फाऊल होऊ नये म्हणून तुम्ही १२ मिनिटं बसवलंत, त्याला तुम्ही स्वतःच १२ मिनिटं बाहेर काढलंत. मी असं करतो:

पहिल्या क्वार्टरला दुसरा फाऊल झाला तर तो क्वार्टर बसेल, दुसऱ्याच्या सुरुवातीला परत आत. हाफच्या आधी तिसरा झाला तर हाफपर्यंत बाकावर. तिसऱ्या क्वार्टरला चौथा झाला तर चौथ्या क्वार्टरच्या ६:०० पर्यंत थांबवायचं, पण त्याआधी समोरच्यांनी आठचा फरक केला तर लगेच आत. आठने मागे असताना जपून ठेवलेला खेळाडू काय कामाचा?

आत आल्यावर त्याला समोरचा सगळ्यात कमी हल्ला करणारा माणूस द्या, किंवा दोन-तीन मिनिटं २-३ झोन (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) लावा. आणि फाऊल कुठले झाले ते बघा. दोन्ही हात लावून झालेले असतील तर सवय आहे, परत होणार. एक स्क्रीनवर आणि एक रिबाउंडच्या (हुकलेला शॉट पकडायच्या) गर्दीत झाला असेल तर बसवायची घाई नको.

टीम फाऊल विसरू नका. क्वार्टरला चार होईपर्यंत साइड बॉल, पाचव्यापासून दोन फ्री थ्रो. आपले चार झाले असतील आणि क्वार्टरमध्ये चार मिनिटं बाकी असतील, तर हात टाकणारा राखीव गार्ड आत पाठवायची ती वेळ नाही. तक्ता काहीही म्हणो.

---

पोस्टअप

@जुनी_प्रेस, १३ बद्दल मान्य, तो पाय हलवत नसेल तर त्याची मिनिटं ११ आणि ७ मध्ये वाटा. पण "आठच" हे मी एका मॅचसाठी मानेन, दिवसाला दोन मॅच असतील तर नाही. आणि राखीव फक्त वेळ काढायला असतात असंही नाही. २०२४ च्या महिलांच्या एनसीएए (अमेरिकेतली कॉलेज स्पर्धा) फायनलमध्ये साउथ कॅरोलिनाने आयोवाला ८७-७५ हरवलं, तेव्हा बेंचचे पॉइंट ३७ विरुद्ध ० होते. टेसा जॉन्सनने बाकावरून येऊन १९ मारले, त्यांच्या टीममध्ये सगळ्यात जास्त. आणि आयोवाकडे केटलिन क्लार्कसारखी स्टार होती.

---

जुनी_प्रेस

साउथ कॅरोलिना त्या वर्षी एकही मॅच हरली नव्हती हो. ३८-०. तशी पोरं द्या, मी बारा फिरवतो. दोन मॅचच्या दिवसाचा मुद्दा मात्र मान्य.

---

टेपवाली_ताई

स्पोर्ट्स फिजिओच्या बाजूने लिहिते.

धावणं-थांबणं-उडी या खेळात पहिलं इंधन फॉस्फोक्रिएटिन. पूर्ण थांबल्यावर त्यातलं साधारण निम्मं अर्ध्या मिनिटात भरतं, जवळजवळ पूर्ण व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणून "एक मिनिट बस आणि परत जा" हे फक्त श्वासासाठी ठीक. पाय परत हवे असतील तर तीन मिनिटांच्या आत उठवू नका. उलट बाजूने, आठ-दहा मिनिटं बसलेला खेळाडू थंड होतो. त्याला टेबलकडे पाठवायच्या आधी बाकामागे दीड मिनिट हलवा: गुडघे वर, बाजूला सरकणं, चार-पाच उड्या, दोन छोटे स्प्रिंट. सरळ उठून गेलेला खेळाडू पहिला बचाव ताठ पायांनी करतो आणि हात टाकून फाऊल घेतो. सिमेंटच्या कोर्टवर डिसेंबर-जानेवारीत सकाळची पहिली मॅच असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

थकवा कुठे बघायचा? धावण्याचा वेग बघू नका, तो शेवटी जातो. आधी दिसतं ते हे: शिट्टी वाजली की हात गुडघ्यावर किंवा चड्डीच्या काठाला, शॉट आखूड, शूटरकडे धावताना शेवटचं पाऊल कमी पडणं, आणि पाय हलवायच्या ऐवजी हात लांब करणं. शेवटची दोन एकत्र दिसली की पुढच्या डेड बॉलला बदला.

नॉर्थ कॅरोलिनाचे डीन स्मिथ एक पद्धत वापरायचे, ती कुठेही चालते. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची. त्याला लगेच बाहेर घ्यायचं, आणि परत कधी जायचं ते त्यानेच ठरवायचं. मूठ न करता दमलेला सापडला तर मात्र परत कधी जायचं ते कोच ठरवणार. यामुळे पोरं दम लपवत नाहीत, कारण बाहेर येण्यात जागा जाण्याची भीती राहत नाही.

दोन मॅचच्या दिवसाचं: मधलं अंतर आठ तासांपेक्षा कमी असेल तर पहिली मॅच संपल्यापासून पहिले चार तास, तासाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं. ७० किलोच्या मुलाला तासाला ७० ते ८४ ग्रॅम. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम. म्हणजे मॅच सुटल्या सुटल्या दोन केळी आणि चिक्की किंवा गूळ-पोळी, तासाभरात वरण-भात. मिसळ, वडापाव, भजी नको. तेल पोटात बसून राहतं आणि संध्याकाळच्या वॉर्मअपला वर येतं. ओआरएस चांगलंच, पण ते मीठ-पाण्यासाठी. लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं त्यात, इंधन म्हणून मोजू नका.

मॅचच्या आधी आणि नंतर वजन करा. जितकं कमी झालं त्याच्या दीडपट पाणी, थोडं थोडं करून, पुढच्या मॅचच्या आत. एक किलो गेलं तर दीड लिटर. साधा वजनकाटा पुरतो.

दिवसभराची मिनिटं मिळून ५० च्या आत ठेवा असं माझं मत. सकाळची मॅच तिसऱ्या क्वार्टरला वीसने हातात असेल तर २८ वाल्या तिघांना तिथेच बूट सैल करायला सांगा.

---

सिमेंटकोर्ट

खूप उपयोगी. दोन शंका. राखीवांनी रन लावली (सलग पॉइंट मारले), ८-० वगैरे, आणि तक्ता म्हणतोय बदला. मग? आणि कोणती जोडणी खरंच चालते हे प्लस-मायनसवरून (ती जोडणी कोर्टवर असतानाचा पॉइंटचा फरक) ठरवू का?

---

टेबलशेजारी

रन चालू असेल तर बदल पुढच्या खिडकीवर ढकला, म्हणजे ८:०० चा ६:०० ला. त्यापलीकडे नाही. कारण त्या दोन मिनिटांत ११ ची सलग खेळाची मिनिटं दहाला टेकतात, आणि दुसऱ्या बाजूला ७ बाकावर थंड होतो. रन तुटण्याचं चिन्ह म्हणजे घाईचा शॉट. राखीव गार्डने सात सेकंदांत, कुणी हात वर न करता, थ्री टाकला की समजा संपली. तेव्हा टाइमआउट घालवू नका, बदल करा.

टाइमआउटचंही गणित यातच. पहिल्या हाफला दोन, दुसऱ्याला तीन, आणि न वापरलेले पुढे जात नाहीत. दुसऱ्या हाफचे तीनही राखून चौथ्या क्वार्टरच्या २:०० पर्यंत गेलात तर तिथे दोनच मिळतात, एक हातचा गेला. तो एक ५:०० ते ३:०० च्या मधे वापरा. शेवटी खेळणाऱ्या पाचही जणांना एकदम एक मिनिट बसायला मिळतं आणि कुणाला बाहेरही काढावं लागत नाही.

शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट खाल्लेल्या टीमला बदल मिळतो, कारण तेव्हा घड्याळ थांबतं. तिथे बचावाला १२ आणि आक्रमणाला ६ अशी अदलाबदल जमते. १२ ला आधीपासून खुर्चीवर बसवून ठेवायचं. आपण बास्केट मारली तर मात्र समोरच्यांनी बदल किंवा टाइमआउट घेतल्याशिवाय आपल्याला बदल नाही, हे त्याला आधीच सांगा, नाहीतर तो उठून आत पळतो.

---

पोस्टअप

प्लस-मायनस जपून. चार मिनिटांच्या तुकड्यात प्रत्येक टीमला आठेक पझेशन्स (बॉल हातात असायच्या खेपा) मिळतात. समोरच्याचे दोन नशिबाचे थ्री पडले की चांगली जोडणी उणे सहा दिसते. एका स्पर्धेच्या आकड्यांवर कुणाला बसवू नका.

त्यापेक्षा प्रत्येक जोडणीसाठी तीनच रकाने ठेवा: टर्नओव्हर (शॉट न घेता बॉल गमावणं), समोरच्यांना दिलेले आक्रमक रिबाउंड, आणि रिंगजवळचे मोकळे शॉट (आपण मिळवलेले व दिलेले). हे नशिबावर कमी अवलंबून असतं आणि लवकर कळतं. पझेशन्स मोजायची असतील तर: फील्ड गोलचे प्रयत्न, उणे आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट. समजा ६२ प्रयत्न, १० आक्रमक रिबाउंड, १६ टर्नओव्हर, १५ फ्री थ्रो. ६२ – १० + १६ + ६.६ म्हणजे जवळपास ७५. सोळा टर्नओव्हर म्हणजे दर पाचव्या पझेशनला बॉल दिला. त्यातले नऊ एकाच जोडणीचे निघाले तर प्रश्न सुटला, तक्ता तिथेच दुरुस्त करा.

---

वहीवाली

टीम मॅनेजर या नात्याने दोन ओळी. तक्ता कोचच्या डोक्यात राहत नाही, मॅच तापली की तो फक्त रेफ्रीकडे बघतो. आडव्या ए-फोर कागदावर बारा ओळी आणि चाळीस चौकोन करा, एक चौकोन एक मिनिट. ठरलेलं पेन्सिलने आधीच भरून ठेवा, प्रत्यक्षात झालेलं वरून पेनाने. उजव्या टोकाला फाऊलचे पाच गोल, खाली टीम फाऊल आणि टाइमआउट. हे काम न खेळणाऱ्या माणसाने करायचं, कोचच्या डाव्या-उजव्या हाताला बसून, आणि बदलाच्या पाऊण मिनिट आधी नुसते नंबर म्हणायचे: "बारा, अकरा, उठा."

टेबलवरच्या स्कोअररकडे दर क्वार्टरला फाऊल पडताळून घ्या. वहीत चार आणि शीटवर पाच हा घोळ चौथ्या क्वार्टरला कळला तर ऐकून कुणी घेत नाही. शीट म्हणेल ते खरं.

---

जुनी_प्रेस

प्रश्न ४ राहिलाच. अकरावा-बारावा यांना "तयार राहा" म्हणणं बंद करा, त्याने काही होत नाही. नेमकं काम द्या. एकाला समोरच्या टीमच्या मुख्य शूटरची नक्कल सरावात करायला लावा, आदल्या दिवशी वीस मिनिटं, तोच हात, तीच जागा. दुसऱ्याला एकच विशेष परिस्थिती द्या, उदाहरणार्थ समोरच्यांनी २-३ झोन लावली आणि आपले बाहेरचे शॉट पडत नाहीत, तेव्हा तू कोपऱ्यात. मॅच वीसने सुटली की तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटालाच दोघांना आत टाका, शेवटच्या चाळीस सेकंदांत नको. चाळीस सेकंदांत पोरगा बॉलला हातही लावत नाही आणि तो अपमानच होतो.

आणि मिनिटं आदल्या संध्याकाळी एकेकट्याला सांगा, सगळ्यांसमोर वाचून दाखवू नका. "उद्या तुला सोळाच्या आसपास, पहिल्या क्वार्टरला चार बाकी असताना आत जाशील, त्यांचा नऊ नंबर तुझा." एवढ्या एका वाक्यावर पोरगा रात्री नऊ नंबरचा विचार करत झोपतो. मिनिटं कमी करणार असाल तर कारण खेळातलं द्या, बॉक्सआउट (रिबाउंडला आपला माणूस मागे अडवणं) नाही, डावा हात नाही, असं. "बघू" म्हणालात तर दुसऱ्या दिवशी घरचे ग्राउंडवर हजर.

---

सिमेंटकोर्ट

आभार सगळ्यांचे. १३ ची मिनिटं निम्मी करून ती ११ ला देतो आणि या आठवड्यात ५-८-९-१०-११ जोडणी रोज खेळवतो. जर्सी नंबर सांगत बदलायची सवय उद्यापासूनच.

---

टेबलशेजारी

१३ च्या सहातली तीन ११ ला दिलीत तर ८:०० चा बदल ५:०० ला होईल असं धरू नका. ११ तेव्हा आधीच आठ मिनिटं सलग खेळलेला असतो. ८:०० ला १३ ला तसाच टाका, ५:०० ला ११ ला परत आणा. मधे तीन मिनिटं बसला की त्याचे पाय परत येतात.